वाण्याच्या बेटावरची माती

२४ सप्टें., मंगळवार

शिवाचा फोन. शुक्रवारी येतोय पुण्याहून, बायकोला, रूपाला घेऊन, नव्या गाडीनं. पाच तारखेला आईला कायमचं पुण्याला न्यायचं ठरलंय. ठरलं म्हणजे माझ्या धाकट्या भावानं ठरवलं. जुलैत आई न्हाणीत घसरून पडली, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. एकटीनं राहायचं नाही.

मी लातुरातच, तिच्यापासून तीन गल्ल्या सोडून. पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा आईचा कायदा. सणाला जेवायला आली तरी तिन्हीसांजेला चप्पल शोधायला लागते.

आईनं अट घातली. "आधी माझं माहेर दाखवा. बेटावर जाऊन आईच्या समाधीला विभूती लावते, मग न्या कुठं न्यायचं तिथं."

शिवाला वाटलं सहल. लगेच सहस्रकुंडाचा धबधबा, किनवटचं जंगल, सगळा कार्यक्रम आखून मोकळा. उंटावरून शेळ्या हाकायची सवय जुनीच आहे त्याची.

२६ सप्टें., गुरुवार

सकाळपासून आईकडे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, शेंगापोळ्या. शेजारच्यांनी पितरांची खीर आणून दिली. आम्ही लिंगायत, आमच्यात पितर घालत नाहीत, पण खीर खातात.

तवा पुसता पुसता आई म्हणाली, "पुण्यात मला कुठं ठेवतील गं?"

मी म्हटलं, "कुठं म्हणजे? नवव्या मजल्यावर. तुला वेगळी खोली आहे."

"ते न्हाई. नंतर."

मी चिडले. धपाटं करपलं. पण तिचं खोटं नाही. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, आणि होईल तोवर आपल्याच शेतात. बाबा शेतात आहेत, विहिरीच्या वरच्या अंगाला. दर सोमवारी आई रिक्षानं जाते, झाडते, बेल ठेवते, तासभर बसून परत येते. बाबा होते तेव्हासुद्धा एवढा वेळ बोलत नव्हती त्यांच्याशी.

शिवाचा यावर तोडगा तयार. बाबांच्या समाधीची माती कुंडीत भरून पुण्याला न्यायची, त्यात बेलाचं रोप, आणि ती कुंडी गॅलरीत. "आई, रोज दर्शन. रिक्षाचीपण कटकट नाही." आई काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की आम्ही होकार धरतो. सोयीचं पडतं.

मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२७, शुक्र.

आले. गाडी पांढरी, मोठी, आत वास नव्या चपलेचा. रूपानं आईसाठी मऊ उशी आणली आहे गुडघ्याखाली घ्यायला. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

आमचे हे दुकान सोडून येत नाहीत. अमावस्येपर्यंत गिऱ्हाईक नाही म्हणतात, तरी येत नाहीत.

२८ सप्टें., शनिवार

पहाटे निघालो. अहमदपूरच्या पुढं शिवानं चहाला गाडी थांबवली. आई चहा घेईना. लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नाही, आणि पोरगा या घरात कधी न राहिल्यासारखं विचारतो, "आज एक दिवस चालत नाही का?"

मग पेट्रोल पंपावर मागच्या सीटवर पूजा. रूपानं बाटलीतलं पाणी हातावर घातलं. आईनं गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, डोळे मिटले. बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. शिवा उतरला आणि त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. ट्रकवाल्यानं आत वाकून बघितलं आणि इंजिन बंद केलं.

लोहा, नांदेड, भोकर. भोकरच्या पुढं डोळे निवले. सोयाबीन पिवळं पडत चाललेलं, तूर गुडघ्याच्या वर, कापसाला पहिली बोंडं. हिमायतनगर सोडलं आणि दोन्ही बाजूंनी साग. त्याला तुरे आलेले. आईनं काच खाली करायला लावली. शिवा म्हणाला, एसी आहे. आई म्हणाली, "मग तू घे एसी."

सुट्टीत आम्ही याच रस्त्यानं लाल गाडीनं यायचो. मी खिडकीत, शिवा तेव्हा नव्हताच. आजोबा, आईचे बापू, दुकानातला गुळाचा खडा फडक्यात बांधून फाट्यावर उभे असायचे. गूळ घामानं ओला झालेला असायचा. तशी चव नंतर कुठल्या गुळाला लागली नाही.

दुपारी सहस्रकुंड. पैनगंगा भरून काळ्या दगडावरून कोसळत होती. अंगावर तुषार. रूपानं व्हिडिओ काढले. आई लांब बाकावर बसून म्हणाली, "पाणी लई माजलंय." बस. तिचं चित्त इथं नव्हतंच.

मुक्काम मामाकडे. काशिनाथमामा, आईचा धाकटा भाऊ, इस्लापूरच्या पलीकडं नव्या गावात दुकान चालवतो. जुनं गाव धरणात गेलं, माणसं माळावर आणून बसवली, तेच नवं गाव. जुन्या शिवारातली तीन टेकाडं पाण्याच्या वर राहिली. आता त्यांना बेटं म्हणतात. आमच्या आजोळची जमीन जिथं होती ते वाण्याचं बेट.

मामाच्या अंगणात आज्जीच्या समाधीचा ओटा आहे. पाणी यायच्या आधी ज्यांच्या ज्यांच्या समाध्या शेतात होत्या त्यांनी तिथली पाटीभर माती इकडं आणून असे ओटे बांधले. मामानं तेच केलं. आई तेव्हा शिवाच्या बाळंतपणात लातूरला अडकलेली. श्रावणी सोमवारी मामा या ओट्यावर पूजा घालतो, गाव जेवतं.

मामा आईला म्हणाला, "बाई, कशाला पाण्यात जातीस या वयात? आई तर इकडंच येऊन राहिली ना."

आईनं ओट्याला हात जोडले. विभूती लावली नाही. पुडी तशीच कमरेला.

२९ सप्टें., रविवार

आजचं नीट लिहिते.

भोयाची होडी. मामानं आईसाठी त्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, मुलीच्या लग्नातली. आई म्हणाली, "काशा, मला बुडवायचं असल तर सरळ ढकल." खुर्ची काठावर राहिली, आई फळीवर बसली, रूपाच्या दंडाला धरून. शिवा कडेला घट्ट धरून. पोहता येत नाही हे त्यानं तिथं सांगितलं.

पाणी गार, हिरवट, हालत नव्हतं. पलीकडं डोंगर ओळीनं, त्यावर सागाचं रान. पहिल्या बेटावर नुसतं गवत आणि बगळे. दुसरं मारुतीचं, देवळाचा कळस अजून पाण्याच्या वर. आई बोटानं पाण्यात दाखवत होती. "इथं वेस. इथं तेलीण बसायची. ही आमची गल्ली. आता आपल्या दुकानावरून चाललोत."

मीही वाकून बघितलं. काही दिसलं नाही, माझंच तोंड दिसलं. पण मला राकेल आणि मिरचीचा वास आला, खरंच आला. दुकानात मागं पोत्यांवर मी झोपायचे. एवढ्या पाण्याखाली ते आहे हे पटेना. रडू आलं. शिवा म्हणाला, "आक्का, काय झालं?" त्याला काय सांगणार. त्यानं ते गाव बघितलंच नाही.

वाण्याचं बेट. कमरेएवढा तरोटा, पिवळ्या फुलांनी भरलेला. मामा पुढं काठीनं वाट करत गेला. वर एक मोठी बोर, तिच्या बुडाला दगड रचलेला उंचवटा. मामानं तांब्यातलं पाणी घातलं, बेल वाहिला, "आई, तुझी लेक आली" म्हणाला आणि आईला जागा करून दिली.

आई थांबलीच नाही. काठी टेकत बोरीला वळसा घालून पुढं, पार पाण्याच्या कडेपर्यंत. तिथं काही नव्हतं. जमीन जराशी फुगलेली, एक दगड अर्धा मातीत. ती दगडापाशी उभी राहिली, पाठ फिरवून मारुतीच्या कळसाकडं बघितलं, पाऊलभर डावीकडं सरकली आणि बसली.

"काशा, इकडं ये."

मामा आला.

"आई इथं हाय."

"बाई, तू इसरलीस. आई बोरीखाली हाय. म्या सोता माती नेली न्हवं."

"तू रांगत व्हतास आई गेली तवा. मी दहाची व्हते. दिसभर इथंच बसून व्हते. कळस नाकासमोर दिसायचा. बोरीखालून दिसतो का, जाऊन बघ."

मामा खरंच गेला. बोरीखाली उभा राहिला, वाकला, बाजूला सरकला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"मग ती कोण?"

"गौराकाकू."

गौराकाकू म्हणजे आज्जीची जाऊ, तिच्या मागोमाग गेलेली. या दोघी जन्मभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. अंगणात मध्ये भिंत, विहिरीवर यायच्या वेळासुद्धा वेगळ्या. आणि मामा गेली चाळीसएक वर्षं आईचा ओटा म्हणून गौराकाकूला पुरण घालतोय.

आईला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, रूपानं पाणी दिलं, तरी हसू थांबेना. मग मीही. शिवाला कळायला वेळ लागला, मग तोही. मामा मात्र मटकन खाली बसला. "बापूंनी घरूनच हात केला, बोरीकडं हाय म्हणाले. म्या तीच माती उचलली. मला आईचं तोंड बी आठवत न्हाई, बाई. तेवढा ओटा व्हता माझा. त्यो बी न्हाई म्हण आता." सहासष्ट वर्षांचा माणूस डोक्याचं टापरं काढून डोळे पुसायला लागला.

आमचं हसू जिथल्या तिथं विरलं. आईनं त्याला जवळ ओढलं. पाठीवरून हात फिरवत राहिली, तो रांगत होता तेव्हा फिरवला असेल तसा.

"असू दे. काकूला लेकरू न्हवतं. तिचं कोण करणार व्हतं? तू केलंस. आई काय म्हणणार हाय त्याला?"

मग विभूतीची पुडी सोडली. दगडाला तीन बोटं ओढली. मामाला ओढायला लावली, मग मला, शिवाला, रूपाला. आई तिच्या आईशी काहीतरी पुटपुटली. आम्हाला ऐकू आलं नाही आणि ते बरंच झालं.

मामा तोवर सावरला. म्हणाला, आता खरी माती न्यायची, अंगणात दुसरा ओटा बांधतो. रूपानं धपाट्यांचा डबा रिकामा करून पुढं केला. आईनं डब्यावर हात ठेवला.

"नको. आई हाय तिथं ऱ्हाऊ दे. माती नेली तर माणूस येतंय का संगं? आलं असतं तर काकू अन् आई दोघी एका ओट्यावर भांडल्या असत्या."

शिवा पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. कुंडीचं नाव त्यानं दिवसभरात पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी मामानं अंगणातल्या ओट्याला रोजच्यासारखं पाणी घातलं. घालताना क्षणभर थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "काकू, शरणार्थ."

३०, सोम.

परतीचा रस्ता. भोकरला पेरू घेतले.

नांदेडच्या पुढं शिवा आरशातून माझ्याकडं बघत, "आक्का, मग आता काय करायचं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? ठरवताना विचारलं होतंस?"

तोंडातून गेलं. मग रूपा म्हणाली, "आईंना विचारा की कुणीतरी." शेजारी आई डोळे मिटून. झोपली नव्हती, झोपेत ती ओठ मिटून घेत नाही.

बरी आहे रूपा. मी तिच्याबद्दल पूर्वी या वहीत जे काही लिहिलंय ते तेव्हाचं.

शिवा संध्याकाळीच पुण्याला. सुट्टी नाही. "शनिवारी न्यायला येतो."

२ ऑक्टो., बुधवार

आईनं ट्रंक काढून ठेवली आहे. रिकामी. मी विचारलं, भरू का. म्हणाली, ऊन देऊन राहिले. माहेरी दोन दिवस काय राहून आली, बोलणं तिकडचं झालं.

माझं डोकं दुखतंय. आमचे हे म्हणतात, पोरगा आईला नेतोय, चांगलं आहे की, रडतेस काय. रडत नाही म्हटलं. आवाजावरून कळलंच असेल.

३ ऑक्टो., गुरुवार

घट बसले. सकाळीच आईचा निरोप, शेतात चल. आज सोमवार नाही, तरी.

रिक्षा बांधावर थांबवली. आईनं बाबांची समाधी झाडली, बेल ठेवला, मग उठून समाधीच्या उजव्या अंगाला दोन हात सोडून फतकल मारून बसली. सोयाबीन काढायला आलेल्या बायका बघत होत्या. तिला फरक पडला नाही.

"नंदे, ये. बस इथं."

बसले. माती गार होती, खालून ओल.

"हे माझं. शिवाला सांगितलं तर हाव म्हणल अन् इसरल. मामाचंच रक्त हाय. तू बघून ठेव."

मग एकदम सगळं बाहेर पडलं. जाऊ नको म्हटलं. माझ्याकडं ये म्हटलं. मागची खोली रिकामी आहे, रात्री चप्पल शोधायची गरज नाही, तुझा कायदा गेला खड्ड्यात, तू नसलीस तर मी संध्याकाळी कुणाकडं जाऊ. सगळं म्हटलं, बायकांसमोर, मोठ्यानं. पन्नाशी ओलांडलेली बाई मी.

आई ऐकत राहिली. पदरानं माझं नाक पुसलं, जोरात, लहानपणी पुसायची तसं.

"लेकीच्या घरी राहून मेले तर लोक शिवाला काय म्हणतील?"

"आणि मला काय वाटेल ते?"

ती बाबांच्या समाधीकडं वळली, वाऱ्यानं सरकलेलं बेलाचं पान नीट ठेवलं. मग हात पुढं केला, उठव म्हणून. उठवलं. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "तुझी ती मागची खोली. तिथं सकाळचं ऊन येतं का?"

येतं, म्हटलं. येत नाही. दुपारी येतं.

शिवाचा फोन दोनदा वाजून गेला. शनिवारी निघायचं, ट्रंक भरली का विचारायला असणार. अजून उचललेला नाही. जेवून उचलीन.