वेस्टगेट कुठं बसवावं

मु. पो. लोणी, ता. आंबेगाव
वैशाख, सन २००३

आदरणीय गेणभाऊ यांना लोणीहून दादाभाऊचा दंडवत.

तुमची तब्येत, साळुबाई वहिनींचे गुडघे आणि दारातली ती मारकी गाय, तिघंही ठीक असतील असं धरून चालतो. वहिनी यंदा लेण्याद्रीच्या पायऱ्या चढल्या, की खालूनच गणपतीला हात जोडून परतल्या, ते कळवा. इकडे सगळे खुशाल. (ही ओळ सवयीनं लिहिली गेली. खुशाल फक्त हिराच्या आई, म्हणजे आमच्या सासूबाई बयाबाई आहेत, आणि त्या कुठंही खुशालच असतात.) तुमचं जुन्नर काही लांब नाही, फोन करायचा सोडून दादाभाऊ पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, आणि मी नुसता ‘टर्बो’ म्हटलं की आतून भांडं आपटल्याचा आवाज येतो. म्हणून पत्र.

तुम्ही कंपनीत इंजिनांच्या टेस्टिंगला माझे वरिष्ठ होतात तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. दिवसभर टर्बोवाली इंजिनं घोंघावत ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून म्हणायचं, की एकदा सुटलो की आपल्या स्वतःच्या गाडीला टर्बो बसवायचा. तुम्ही वेळेवर निवृत्त झालात. मला स्वेच्छानिवृत्ती मिळाली (स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी). पुण्याला मातीच्या मैदानावर गाड्यांच्या शर्यती होतात हे वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. जुन्या बाजारातून एका उलटलेल्या परदेशी गाडीचा टर्बो आणला. त्याला स्वतःचं वेस्टगेट नव्हतं, म्हणून वेगळं, बाहेरून बसवायचं वेस्टगेट हिराच्या मावसभावाकडून मस्कतहून मागवलं. ते आलं खजुराच्या पुड्यात. खजूर लगेच संपला. वेस्टगेटचं काय करायचं हा प्रश्न मात्र मार्गशीर्षापासून आजपर्यंत आमच्या घरात उभा आहे.

ते काय असतं हे तुम्हाला सांगायला नको, पण मी हिराला कसं सांगितलं ते ऐका, म्हणजे माझे हाल कळतील. मी म्हणालो, इंजिनाच्या धुरावर चक्र फिरतं, चक्र इंजिनात हवा कोंबतं, हवा वाढली की धूर वाढतो, आणि धूर वाढला की चक्र आणखी फिरतं. याला कुठं तरी आवर हवा. म्हणून धूर चक्रापर्यंत पोचायच्या आधी वाटेत एक झडप ठेवायची. दाब ठरल्यापुढं गेला की झडप उघडते आणि जादा धूर परस्पर बाहेर जातो. डिंभ्याच्या धरणाला सांडवा असतो तसं. हिरानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग धरानच बांधलं न्हाई तर?”

खरी पंचाईत नावानं केली. मंचरच्या वेल्डिंगवाल्या भागूला मी बाजाराच्या दिवशी चार माणसांत म्हणालो, की वेस्टगेट कुठं बसवावं हे काही ठरत नाही बुवा. ऐकणाऱ्यांनी ‘वेसगेट’ ऐकलं. दादाभाऊ रिटायर झाला आणि गावच्या वेशीला गेट देणार, ही बातमी माझ्याआधी लोणीत पोचली. संध्याकाळी यात्रा कमिटीचे चिमाजी चार जणांना घेऊन नारळासकट दारात. बसले, चहा घेतला, माझ्या वडिलांच्या पुण्याईबद्दल बोलले आणि म्हणाले, “मारुतीच्या अंगानं बसवू. रुंदी तेवढी उसाची गाडी जाईल अशी धरा.” मी आत जाऊन वेस्टगेट आणून त्यांच्या हातावर ठेवलं. लहानशा तांब्याएवढं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं, आणि नारळ उचलून घेऊन गेले. गेणभाऊ, दिलेला नारळ परत नेलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्या दिवसापासून चिमाजींच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे.

पहिली जागा भागूनं निवडली. त्याचं तत्त्व सरळ होतं: जिथं त्याचा हात जातो ती जागा योग्य. म्हणून चार सिलिंडरांपैकी पहिल्याच्या धुराच्या नळीवर गेट बसलं. मला मनातून माहीत होतं की हे चूक आहे, चार भावांच्या भांडणात एकालाच समजावण्यासारखं, बाकीचे तिघं ऐकतायत कशाला. पण भागूच्या हातात पेटता वेल्डिंगचा दांडा होता आणि मी वाद घालायच्या स्थितीत नव्हतो. अवसरीच्या घाटात दाबाचा काटा ठरवलेल्या खुणेशी आला, क्षणभर थांबला (मला आपलं तसं वाटलं) आणि पुढं चालू लागला. मी पाय काढेपर्यंत हेडचं गास्केट गेलं होतं आणि इंजिन बंद पडलं होतं. कांद्याच्या ट्रॉलीमागं दोर बांधून आमची गाडी मंचरच्या भरल्या बाजारातून आली. ट्रॉलीवर बसलेले लोक आमच्याकडे तोंड करून बसले होते. हात करावा की नाही हे मला कळेना, म्हणून मी सबंध रस्ताभर स्टिअरिंगकडे पाहत राहिलो.

दुसरी जागा मी स्वतः निवडली. चारही नळ्या जिथं एक होतात तिथं, म्हणजे जागा बरोबर. कोन मात्र चुकला. गेट काटकोनात, मागं, आमच्या पायांकडे तोंड करून बसलं. पळत्या माणसाला काटकोनात वळ म्हटलं तर तो वळत नाही, सरळच जातो. धूरही सरळच गेला. आणि जो थोडा वळला तो पुढच्या सीटखालची पत्र्याची जमीन तापवू लागला. हे मला कळलं ते सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे मढला नेताना. संक्रांत नुकतीच झालेली, त्यांच्या पायाशी तिळगुळाची पिशवी. (तुमच्याकडे डोकावणार होतो, पण गाडी थांबवली असती तर परत चालू होईल याची खात्री नव्हती.) ओतूर सोडल्यावर जळका वास येऊ लागला. मी घाबरून विचारलं, पाय भाजतायत का? सासूबाई म्हणाल्या, “भाजत न्हाई ओ. शेकल्यागत लई ब्येस वाटतंय. आमच्या लेकाच्या, आंबादासच्या गाडीत असलं काय न्हाई.” मढला उतरून पिशवी उघडली तर सगळे लाडू वितळून एक झालेले. मावशींनी तो गोळा बत्त्यानं फोडून वाड्यावस्तीत वाटला. दाबाचा काटा चढायचा तो चढतच होता, परतीच्या वाटेवर मी गाडी म्हशीच्या चालीनं आणली.

तिसरी जागा बरोबर होती. हे मी गर्वानं नाही, दुःखानं लिहितो. डाव्या बाजूला, नळ्यांच्या संगमावर, धूर ज्या दिशेनं वाहतो त्या दिशेनं तिरपं. काटा चढला, खुणेशी आला आणि थांबला. मी पाय दाबला, काटा हलला नाही. गेणभाऊ, त्या वेळी तुम्ही शेजारी हवे होतात. मी एकट्यानंच “थांबला” असं म्हटलं आणि ऐकायला कुणी नव्हतं. एकच उणीव राहिली. गेटमधून निघणारा धूर परत सायलेन्सरला नेऊन जोडायला जागाच उरली नाही, म्हणून भागूनं ती नळी पुढच्या चाकाशी आखूड कापून मोकळी सोडली. त्यामुळं गेट उघडलं की जो आवाज व्हायचा तो गावातल्या सगळ्या पिठाच्या गिरण्यांचे पट्टे एकदम घसरावेत तसा.

आता सोमाजीचं सांगतो. सोमाजी आमचा शेजारी, विहीर आमची सामाईक. त्याच्या आजोबांची मेंढरं होती, त्यानं बैलगाड्याचा नाद धरला. जोडी देखणी, पण शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीवर, निम्म्यावर गेली की काही तरी विसरल्यासारखी थांबायची. दर वर्षी तो बैलांना सजवून न्यायचा आणि मान खाली घालून आणायचा. यंदा चैत्रात आमच्या यात्रेत शर्यती होत्या. जेवणाच्या वेळी घाट बंद असेल या समजुतीनं मी शेजारच्या रस्त्यानं गाडीची चाचणी घ्यायला निघालो. घाट बंद नव्हता. माझी गाडी चढाला लागली, काटा खुणेशी आला, गेट उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी सोमाजीची जोडी सुटली.

ते बैल पळाले नाहीत, उडाले. बैलांपुढं पळणारी घोडीसुद्धा बाजूला झाली. कर्ण्यावर पुकारणारा माणूस पुकारायचं सोडून टाचा उंचावून पाहू लागला. सोमाजीचा पहिला नंबर आला. मी गाडी थांबवून पाहत होतो. त्याला खांद्यावर घेतलं होतं, बैलांच्या पाठी गुलालानं लाल झाल्या होत्या, आणि तो रडत होता.

चिमाजींनी हरकत घेतली. बाहेरच्या आवाजानं बैल पळवले, ही बारी, म्हणजे धाव, बाद. मंडपात सभा भरली आणि मला साक्षीला बोलावलं. आता कबूल करतो, मला आनंद झाला. सबंध गाव गप्प बसून ऐकणार, आणि विषय वेस्टगेटची जागा. मी काठीनं जमिनीवर चार नळ्या काढल्या, संगम काढला, कोन का महत्त्वाचा ते सांगितलं, तिन्ही जागांचे गुणदोष सांगितले. शेवटी चिमाजी म्हणाले, “ते समदं ऱ्हाऊ द्या. आवाज बैलाच्या कोनच्या कानात गेला?”

निकाल असा लागला, की दुसऱ्या दिवशी बारी पुन्हा होईल, गाडी त्याच जागी उभी राहील आणि प्रत्येक जोडीला सारखाच आवाज ऐकवला जाईल. मी हात जोडून सांगितलं, की उभ्या गाडीत हे गेट उघडत नाही, इंजिनावर भार हवा, चढ हवा. चिमाजी म्हणाले, “म्हंजी येशीला बसत न्हाई आन वाजत बी न्हाई. मंग हाय कशाला?” लोक हसले. सोमाजी हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. म्हणून मी दुसऱ्या दिवशी गाडी तिथं नेली आणि पहिलीच त्याची जोडी जुंपली तेव्हा उभ्या गाडीत पाय तळाला लावला. आवाज आला नाही. वाफ आली, मग एक ठोका बसला, आणि इंजिनाच्या आतला दांडा कुशीतून बाहेर डोकावला. सोमाजीच्या बैलांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश, फिरायला निघाल्यासारखे, घाट चढून गेले. पहिला नंबर हातचा गेला.

संध्याकाळी सोमाजी विहिरीवर बैलांच्या पाठीवरचा आदल्या दिवशीचा गुलाल धूत होता, आणि मी बांधावर उभा होतो. लाल पाणी माझ्या पाटात येत होतं. गेणभाऊ, त्या घटकेला मला इंजिनाचं काहीही वाटलं नाही. तेव्हापासून विहिरीची मोटर बंद केली की माझी पाळी आल्याची हाक तो मला मारत नाही, मोटरच्या पेटीची किल्ली निंबाच्या फांदीला अडकवून निघून जातो.

तेव्हा मी ठरवलं आहे. टर्बो आणि वेस्टगेट पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं, पुण्याच्या शर्यतीचं नाव सोडलं. गाडी गोठ्याशेजारी उभी आहे आणि तिच्यात कोंबडी अंडी घालते. हिरा म्हणते, पहिल्यांदाच या गाडीतनं काही मिळालं. माणसानं आपल्या वयाला शोभेल ते करावं, हे तुम्ही मला पूर्वीच सांगायला हवं होतं. वहिनींना नमस्कार, गायीपासून जपून राहा.

तुमचा,
दादाभाऊ

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, बरं झालं. काल सोमाजी घरी आला. मी बस म्हटलं, बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “दादाभाऊ, बैल पळत न्हाईत. घाटात हुभं ऱ्हात्यात आन रस्त्याकडं बघत्यात.” मी म्हणालो, माझ्यामुळं झालं. तो म्हणाला, “तुज्यामुळंच पळालं व्हतं की. त्यो आवाज पुन्यांदा काढायचा तर काय लागंल?” मी म्हणालो, इंजिन लागेल. “मंग हुडक की राव,” म्हणाला आणि चहा मागून घेतला. आज मोटर बंद केल्यावर त्यानं मला हाक मारली.

आणखी ता. क. पोतं माळ्यावरून खाली काढलं आहे, ते फक्त गंज बघायला. सासूबाई विचारतात, शेकायची गाडी कधी चालू होणार.

शेवटचं ता. क. तुमची गाडी आपल्याच कंपनीची, माझ्या गाडीसारख्याच इंजिनाची, आणि तुम्ही ती फारशी बाहेर काढत नाही असं वहिनी मागं म्हणाल्या होत्या. तुमच्या मॉडेलला डावी बाजू अगदी मोकळी असते, नळी सायलेन्सरपर्यंत नेता येईल इतकी (सोमाजीचं म्हणणं आहे, नेऊ नये). रविवारी मी आणि सोमाजी नुसते बघायला येतोय. भागूही येतोय, त्याला लेण्याद्रीचं दर्शन घ्यायचं आहे. वेल्डिंगचं सामान त्याच्याबरोबर असतंच. वहिनींना आधी सांगू नका. आणि गाडी सकाळपासून सावलीत लावून ठेवा, इंजिन गार असलं की खोलायला बरं पडतं.