पुसून ठेवलेली मशीन

१६ एप्रिल

संप सुरू! चटई कारखान्याच्या फाटकासमोर मांडव पडलाय. मागणी एकच — कंत्राटदार नको, कारखान्याच्या पटावर घ्या. पुढारी सत्तारभाई. अठरा वर्षं एकाच मशीनवर, अजून कंत्राटीच.

काल शेवटच्या पाळीत कामगारांनी मशिनी रिकाम्या केल्या. आत प्लास्टिक राहिलं तर त्याचा गोठून दगड होतो म्हणे. मग पुसल्या, ग्रीस दिलं, वर ताडपत्री बांधली!

"संपाला निघालात की लग्नाला?" मी विचारलं.

सत्तारभाई म्हणाला, "भांडण मालकाशी आहे भाऊ. मशीननं काय केलं? परत तिच्यावरच बसायचंय."

पॅकिंगवाल्या शेवंताबाई, पारोळ्याच्या — "घरना चुल्हा बी इतला पुसस नही हाऊ!"

सगळे हसले. सत्तारभाईसुद्धा.

१८ एप्रिल

एक मेच्या पुरवणीसाठी खानदेशातल्या संपांवर लेख द्यायचाय. त्यात माझे वडील, आबा, असणारच. धुळ्याच्या गिरणीत होते ते. घरात लहानपणापासून ऐकत आलोय — भोंगा झाला, सगळे उठले, अर्धं विणलेलं कापड मागावर तसंच टाकून बाहेर. कापड खराब व्हायला लागलं तेव्हा मालक हात जोडून आला. त्याच बळावर मी तीस वर्षं संपाच्या बातम्या लिहिल्या.

सत्तारभाईला हे सांगावं का? नको. मशिनी पुसून झाल्यात.

२१ एप्रिल

कामगार कार्यालयात बैठक. मालक नाही, वकील आला. साहेबांनी सगळ्यांना पाणी विचारलं आणि पुढची तारीख दिली. नवा कायदा आला, खुर्च्या त्याच.

मांडवात निम्मी माणसं. त्यांच्यातला दीपक डाळ मिलला लागला. त्याला कोणी काही बोललं नाही.

२२ एप्रिल

ऊन. काही नाही.

२४ एप्रिल

सकाळी क्रेन आली. मागे ट्रेलर, गुजरातचे. कारखाना तिकडे नेतायत!

काही जण आडवे पडले, पोलिसांनी उचलून बाजूला केले. क्रेनवाला खूश — "एरवी मशीन सोडवून साफ करण्यातच आठवडा जातो. ह्या तर तयारच ठेवल्यात. कोणी केलं?"



सत्तारभाईची मशीन उचलली तेव्हा ती कलली. तो फाटकातून ओरडला, "डावीकडून नको! वाकेल! उजवीकडून घ्या!" त्यांनी उजवीकडून घेतली. नीट बसली ट्रेलरवर. ताडपत्रीसुद्धा त्यानेच बांधलेली.

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

२७ एप्रिल

लेख वेळेत दिला. आबांच्या कापडावर संपवला. संपादक म्हणाले, "वा, आशादायक आहे."

सत्तारभाईचा फोन — "भाऊ, मशिनी पुसल्याचं लिहू नका. लोक हसतील."

लिहिलं नाहीच.

१ मे

आबांना पुरवणी वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होते. कापडापाशी आल्यावर हात वर केला.

"कापड आम्हीच उतारेल व्हतं रे. घडी करीसन ठेवेल व्हतं. धूळ बसती ना!"

"मग मालक हात जोडून आला, ते?"

"कोण येस? आम्हीच गवूत परत, जुनाच पगारवर. ते तुनी माय सांगे. तू धाकला व्हता."