गुरुजींचं "डोळे मिटा"

मंगळवार, सांजवेळ. बेंबळी.

डोकं अजून तापलंय. भावाला, दत्ताला, ध्यानाच्या शिबिरात मीच नेलं. काय ही माझी अक्कल! वर्षभर गोळ्या खाऊन त्याच्या कानातले आवाज आत्ता कुठं थांबलेत. आणि हे शहाणे गुरुजी सगळ्यांना एकच काढा पाजतात, "डोळे मिटा, आतला आवाज ऐका." दत्ता थरथरायलाच लागला. मी म्हणाले, डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवून, हातात काम घेऊन, थोडाच वेळ बसायला सांगितलंय. तर म्हणे, "श्रद्धा कमी पडते." डोळे मिटा म्हणे!

त्याला तडक घरी आणलं. दोघं ज्वारी निवडत बसलो. सूपभर निवडून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "ताई, गुरुजींला अजून आवाज येतेत. त्येंच्या गोळ्या चालू न्हायत व्हय?"