आमच्या घरातून गेलेली तुमची रेघ

चि. कुंदन,

मामाचे आशीर्वाद. खुर्चीत बसून बसून धरलेली तुझी पाठ आता कशी आहे? आम्ही दोघं ठीक. मामीचा गुडघा तेवढा जिना दिसला की कुरकुरतो. (पत्र कागदावर, कारण व्हॉट्सअॅपवर मी काहीही लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतोस.)

आता मुद्द्याचं. तुमच्या घरं शोधून देणाऱ्या कंपनीने पुण्यात एसीत बसून नाशिकच्या नकाशावर रेघा मारल्या, त्या कुणाला विचारून? तूच मागे कौतुकाने सांगितलंस, की लोक जाहिरातीत वाटेल त्या भागाचं नाव टाकतात, म्हणून आता प्रत्येक भागाची हद्दच आखली. घर ज्या हद्दीत, त्याच भागाच्या शोधात दिसणार. अरे, फाट्यावरून आत, टाकीच्या अलीकडे, एवढ्या पत्त्यावर आमच्याकडे वऱ्हाडं पोहोचतात. शेजारच्या बऱ्या भागाचं नाव लावायची तर इथे रीतच आहे. गंगापूर रोडला राहतो म्हणणाऱ्या सगळ्यांना खरोखर तिथे आणून उभं केलं, तर रस्ता दिसायचा नाही. मीही इतकी वर्षं 'इंदिरानगर' सांगत आलो, कुणाच्या पोटात दुखलं नाही.

तुमची रेघ आमच्या सोसायटीतून गेली आहे. सोसायटीतून म्हणजे थेट आमच्या फ्लॅटमधून. मी मोबाइल हातात धरून घरभर फिरून पाहिलं: हॉल इंदिरानगरात, स्वयंपाकघर अंबडच्या कारखान्यांत. आणि तुमच्या यंत्राने अख्खा फ्लॅट टाकला अंबडमध्ये. शेजारची विंग मात्र इंदिरानगरात बसली, त्यामुळे तिथल्या सहादू कोठावळेंची मान अशी ताठली आहे, की परवा मला विचारत होते, तुमच्याकडे धुराचा त्रास फार होत असेल ना. (त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे.)

फ्लॅट विकायचाय हे तुला ठाऊक आहे. रुद्रने पुण्यात स्वतःजवळ आमच्यासाठी लिफ्टचं घर बघून ठेवलंय, मामीने कपाटं आवरायलाही घेतली. आणि इथे गिऱ्हाईक कसलं येतं? दिंडोरीचे एक बागायतदार द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या ठेवायला जागा बघून गेले. माणूस चांगला, पण ट्रॅक्टर जिन्यापर्यंत येईल का हीच त्यांची काळजी. मग एक कारखानदार टेप घेऊन आला, त्याने बेडरूम मोजली आणि फरशीवर टाच आपटून म्हणाला, "काका, लेथचं वजन पेलंल का?" त्याला मी चहा न विचारता घालवला. मी आयुष्यभर अंबडच्या कारखान्यात राबलो ते संध्याकाळी तिथून घरी येता यावं म्हणून. निवृत्त झाल्यावर तुम्ही मला परत आत घातलंत. ती रेघ ताबडतोब सरकव.

तुझा भडकलेला मामा

ता. क. वरचं सगळं मामीला वाचून दाखवण्यापुरतं होतं. आता ती भाजीला गेली आहे. कुंदन, रेघ सरकवू नकोस. मला नाशिक सोडवत नाही रे. इथे कट्ट्यावर चार माणसं मला नावाने हाक मारतात, पुण्यात मी नुसता रुद्रचा बाप. पण तिचा जीव लेकाकडे लागलाय, तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? घर विकलंच गेलं नाही, तर कुणाला काही म्हणावं लागणार नाही.

ता. क. (मामीकडून) पाकिटाला डिंक लावायचं काम लग्न झाल्यापासून माझं. हे विसरले आणि सवयीने पाकीट माझ्याच हातात दिलं. मामा सांगतात तसंच कर बाबा. रुद्रने बोलावलं तेव्हा हेच लगेच हो म्हणाले, म्हणून मी मुकाट्याने कपाटं आवरायला घेतली. परवा हे कट्ट्यावर असताना एक चांगलं जोडपं घर बघायला आलं होतं. त्यांना फारच आवडलं. मी सांगितलं, खालच्या मजल्यावर भट्टी सुरू होणार आहे.