निहारची व्हिटॅमिन्स

२८ सप्टेंबर
निहार दुसरीत असताना ओट्यावर बसायचा, मी पोळ्या लाटायचे. "आई, दंड दाब ना, बेडकी आली बघ," म्हणायचा. मी पिठाच्या बोटांनी दाबून "बाप रे!" म्हणायचे.
आज एकतिशीचा निहार त्याच ओट्याला टेकून उभा. इंजेक्शन दिलं. त्याच्या ट्रेनरनं, प्रितमनं, आणलेली व्हिटॅमिन्स. लग्नाआधी नर्स होते, हात अजून हलका आहे.
लेकीचा, रेवतीचा, फोन: "व्हिटॅमिननं पाठभर पुरळ येतं का गं?"
हवा खराब आहे चारकोपची.
संकल्प: रेवतीशी वाद नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
डंबेल्सना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. शेजारी व्हिटॅमिन्सच्या बाटल्याही मांडल्या. रेवती व्हिडिओ कॉलवर किंचाळली, "आई, स्टेरॉइड्सची पूजा? वेड लागलंय का तुला?"
रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.
निहारला जिन्यात धाप लागते, पायांवर सूज आहे. अंडी कमी पडत असणार. उद्यापासून वाढवायची.

६ ऑक्टोबर
'चारकोप श्री' स्पर्धा रविवारी. निहार तीन उशांना टेकून झोपतो. "छातीत कबुतर फडफडतंय गं," म्हणाला. उत्साह, दुसरं काय! प्रितमला विचारलं. "काकी, लास्ट वीकला होतंच असं. टेन्शन नको ना, डोस वाढवा."
वाढवला.

९ ऑक्टोबर
निहार बाथरूमच्या दारात कोसळला. आयसीयू.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, स्टेरॉइड्स घेतो का? नाही म्हटलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी खोटं बोलायचं नाही असं शिकवलंय. व्हिटॅमिन्सचं त्यांनी विचारलंच नाही.
म्हणाल्या, हृदय ताणून सैल पडलंय. काय घेतो ते कळलं नाही, तर अंदाजानं उपचार करावे लागतील.
एवढ्या पिळदार मुलाचं हृदय सैल? रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल.

१० ऑक्टोबर, सकाळ
निहारनं मास्क बाजूला केला. "सांगितलंस त्यांना?"
मी मान हलवली. नाही.
"आई, मी मरेन गं."
मास्क नीट बसवला.
रेवती दिंडोशीहून निघालीय, आधी घरी जाईल. तिला सांगायचं:
डंबेल्स प्रितमच्या दारात टाक. त्याच्याशी बोलू नकोस.
अंडी वॉचमनला.
फ्रिजमधला स्टेरॉइड्सचा डबा डॉक्टरीणबाईंना, रिकाम्या बाटल्यांसकट. कुठलं, किती, कधीपासून, ते मी सांगेन. पहिल्याच दिवशी बाटलीवर वाचलं होतं.