शिकेकाई संपली तो शनिवार

कुंभकोणम्,
सोमवार, १६ जुलै १९५६

तीर्थस्वरूप मुकुंदअण्णांच्या पायांवर चंद्रमौलीचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि वहिनींचा गुडघा (दोन्ही आज्ञेत असतील) कसे आहेत ते कळवावे. इकडे सगळे खुशाल, मी सोडून. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून ओसरीवर फेऱ्या मारून आलो.

कुस्तीच्या खेळात मी दुष्ट, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जाहिरातीत मी 'कावेरीचा राक्षस', आणि माझं हरणं ठरलेलं. जिंकायचं गुरुमूर्तीने (जाहिरातीत तो माझं रक्त पिणार असतो, मुक्कामाला आमच्याकडेच उतरतो आणि हिच्या हातचं रसम पितो). हे सगळं आधी ठरतं, याचा मी हिला अकरा वर्षं पत्ता लागू दिलेला नाही. हरून आलो की बिचारी पाठ शेकत बसते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा पापनाशम्‌ला खेळ होता. ही मुद्दाम बघायला आली. पण शनिवार म्हणजे पुरुषांचं तेलस्नान. राक्षसालाही सुटका नाही. हिने सकाळी आम्हा दोघांना तिळेल चोपडायला लावलं. गुरुमूर्तीला वाटीभर शिकेकाई मिळाली, माझ्या वेळी ती संपली म्हणून नुसत्या कढत पाण्यावर भागवलं. मग काय, माझ्या अंगावरचं तेल तसंच; त्याने धरावं आणि मी निसटावं! शेवटी मला उचलायला गेला तो स्वतःच घसरून दोरांपलीकडे थेट कंत्राटदाराच्या मांडीवर. पंचाने माझा हात वर केला (तोही निसटला). कंत्राटदाराने बजावलंय, येत्या शनिवारी कुंभकोणम्‌च्या खेळात पाठ टेकली नाही, तर कायमचा घरी बस.

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. तिरुभुवनम्‌च्या लुगड्यांच्या दुकानात (माझी दिवसाची नोकरी) आज गिऱ्हाइकाला पदर दाखवायला रेशमी लुगडं खांद्यावर घेतलं, आणि याच विचारात तसाच बसमध्ये चढलो. आणि हिने? आमच्या लेकीला, भुवनेश्वरीला, पाहून गेलेल्या मंडळींना शनिवारच्या खेळाचं आमंत्रण दिलंय!

ता. क. शनिवारी तुमची प्रकृती बिघडल्याची तार करून हिला तंजावरला बोलावून घ्या. व्याह्यांदेखत आपटलेला नवरा तिला दिसू नये, एवढंच मागणं.

पुन्हा ता. क. पाकीट मागायला गेलो, तोवर हिने, म्हणजे मीनाक्षीने, पत्र वाचलं होतं. म्हणाली, "ठरलेलं असतं ते पहिल्यापासूनच ठाऊक हो मला. शिकेकाई संपली नव्हती. एकदा तरी तुमचा हात वर झालेला बघायचा होता." अण्णा, मला रडू आवरेना.

आणखी एक. शनिवारसाठी तिने दुप्पट तेल आणून ठेवलंय. तार माझ्या नावाने करा.