बरण्यांवरचं पांढरं

१२ मे २०२५, सोमवार

बुद्धपौर्णिमा. शेजारी शालूबाईंकडे खीर दिली. वाटी परत द्यायला स्वतः आल्या. म्हणाल्या, "आनिता, रईवारी आमच्या मानसीचा साखरपुडा. ताटात तुजा करवंदाचा मुरंबा पायजे बग. कुनी ईचारलं तर तुजंच नाव सांगीन." बावीस वर्षांचा शेजार, पण त्यांच्या कार्यात आमच्या घरचं काही वाढल्याचं आठवत नाही. वाटी हातात घेता घेताच हो म्हणून टाकलं!

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "लय नाचू नगं."

१४ मे, बुधवार

कालचा दिवस करवंदं वेचण्यात गेला. हातभर ओरखडे. नळाला तीन दिवस पाणी नाही, बोरच्या पाण्यावर भागवलं. टोपाच्या तळाला फडकं, त्यावर बरण्या, अर्धा तास उकळी. बाराही झाकणं घट्ट बसली.

वाळल्यावर बघते तर काचेवर पांढरा थर! आत काळाभोर मुरंबा, वरून राख फासल्यासारखं. ओल्या फडक्यानं पुसलं की गायब, वाळलं की परत हजर.

१५ मे

साबण झाला. राख झाली. तसंच.

संदेश म्हणतो, "बोरचे क्षार आहेत. आतल्या मालाला काय होतंय?" माल म्हणे! नवऱ्याला काय, दिवसभर हॉटेलची गाडी चालवायची. माझा मुरंबा पहिल्यांदा त्यांच्या पंगतीत जाणार, आणि असं तोंड घेऊन?

१६ मे

शेवटी पुसून चकचकीत केल्या आणि ओल्या असतानाच मानसीच्या हाती दिल्या. चोरी केल्यासारखं वाटतंय.

१७ मे, शनिवार

तीन बरण्या परत आल्या.

मानसी दारात. "काकू, आईनं पाठवल्यात. पांढरं आलंय, बुरशी तर नाही ना, आई म्हणाली—" पुढचं मी ऐकलंच नाही. बरण्या घेतल्या आणि दार लावलं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "आमच्या वक्ताला त्यांच्या हिरीवर आमी लांब हुबं ऱ्हायाचो. त्या वरनं वतायच्या, तवा घागर भरायची. हातचं पानी चाललं न्हाई, मुरंबा कुटं चालायचा?" एरवी मी म्हणते, जाऊ द्या, तेव्हाचं तेव्हा. आज त्यांचंच खरं वाटलं.

बुरशी हे निमित्त. भावकीत कुणीतरी नाक मुरडलं असणार. नको होता तर मागायचा कशाला! तिन्ही बरण्या मागच्या खड्ड्यात ओतल्या. ओतताना रडत होते. उरलेल्या नऊही त्यांनी अशाच फेकल्या असतील.

१८ मे, रविवार

साखरपुडा. गेले नाही. संदेशलाही जाऊ दिलं नाही. तो म्हणाला, "सरळ विचार तरी." काय विचारू? आमच्या हातचं चालत नाही का, असं? ते विचारायची वेळ आपल्यावर येणार नाही, असं वाटायचं.

खिडकीतून मांडव दिसतो. खिडकी लावून घेतली. दुपारी दारावर दोनदा थाप पडली. उघडलं नाही.

१९ मे, सोमवार

रिकाम्या बरण्या घासायला घेतल्या. आमटीला भिजवलेल्या चिंचेचा चोथा हाताशी होता, सहज तो फिरवला. वाळली तरी काच लख्ख! म्हणजे क्षारच होते. चांगला मुरंबा मी खड्ड्यात घातला. ओल्या बरण्या देऊन फसवलंही मीच.

पण त्यांनी परत पाठवल्या, ते काही पुसलं जात नाही. दिवसभर जेवण गेलं नाही.

२० मे, मंगळवार

मानसी आली. पिशवीत नऊ बरण्या, लख्ख घासलेल्या. रिकामं भांडं परत करू नये म्हणून एकीत पेढे.

"काकू, पांढरं कशानं निघतं ते विचारायला आईनं तीन बरण्या दाखवायला पाठवल्या होत्या. तुम्ही दारच लावलंत. मग तिनंच चिंचेनं घासल्या. सगळ्या पंगतीला मुरंबा वाढला, तुमचं नाव सांगून. बोलवायला दोनदा येऊन गेली. तुमचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. म्हणत होती, आनिता आल्याबिगर मी न्हाई बसायची. उपाशीच झोपली."

दार मी लावलं होतं. मी!